थट्टेच्या चित्रांची गोष्ट

आपल्या मंडळाला यंदा दहा वर्षे पुरी झाली. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला, तेव्हा प्रथम मी त्यांना हात जोडले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लोणच्याची कृती विचारलीत तर सांगेन, लेख कुठला लिहिणार? पण त्या म्हणाल्या, "बुधवारच्या वाचनात तुम्ही त्या चित्रांविषयी सांगितलेत ना, तेच लिहून काढा." म्हणून हे धाडस केले आहे. चुकले-माकले असेल ते सांभाळून घ्यावे.

ती चित्रे म्हणजे थट्टेची चित्रे. आपण त्यांना व्यंगचित्रे म्हणतो. माझी आणि त्यांची गाठ कशी पडली हे जुन्या सभासदांना ठाऊक आहे, नव्यांसाठी थोडक्यात सांगते. मंडळाने वाचनालय काढले त्या वर्षी गणेशोत्सवात चाळीच्या फळ्यावर एक चित्र लागले होते. वर लिहिले होते, 'महिला मंडळाचे वाचनालय'. पाच बायका गोल बसलेल्या, पाचांचीही तोंडे उघडी आणि एकीच्याही हातात पुस्तक नाही. कोपऱ्यात मात्र सहावी बाई. तिच्या हातात पुस्तक होते, पण उलटे धरलेले! तिच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली होती. तेव्हा साऱ्या चाळीत दोऱ्याने बांधलेला चष्मा एकीचाच होता. ती मी.

सगळे हसले. आमच्या घरीही हसू आले. मीही हसले, आणि रात्री मोरीत भांडी घासताना रडले. त्यानंतर दोन महिने मी मंडळात पाऊल टाकले नाही. शेवटी मंडळातल्या माई घरी आल्या. ते चित्र त्यांनी फळ्यावरून काढून घडी करून जपून ठेवले होते. ते माझ्यापुढे उलगडून त्या म्हणाल्या, "पोराचा हात चांगला आहे गं. तुला राग कशाचा आला ते मात्र नीट शोधून काढ." तेव्हापासून मी शोधते आहे. माझ्या पुतणीने ग्रंथालयातून पुस्तके आणून दिली आणि इंग्रजी मजकुराचा अर्थ समजावून सांगितला. त्यातून जे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवते.

थट्टेची चित्रे ही वर्तमानपत्रांबरोबर आली असा माझा समज होता. तो अगदी चुकीचा निघाला. इजिप्त देशात राजांची थडगी खोदणाऱ्या आणि रंगवणाऱ्या कारागिरांचे एक गाव होते. आज त्याला देर अल् मदिना म्हणतात. दिवसभर हे लोक थडग्याच्या भिंतीवर राजाचे पराक्रम रंगवीत. राजा रथात उभा, धनुष्य ताणलेले, शत्रूचा किल्ला पडतो आहे, असा तो ठरलेला देखावा. पण सुमारे ३१०० वर्षांपूर्वीच्या एका कागदावर, म्हणजे त्यांच्या पपायरसवर, तोच देखावा निराळ्या तऱ्हेने काढलेला आहे. तो कागद आज इटलीत तुरीन येथे आहे. त्यात रथात उभा राहून बाण सोडणारा राजा आहे उंदीर, रथाला जुंपलेले आहेत कुत्रे, आणि किल्ल्यात अडकून पडली आहेत मांजरे!

या गावच्या लोकांनी चुनखडीच्या कपच्यांवर आणि फुटक्या खापरांवरही अशी चित्रे काढून ठेवली आहेत. इजिप्तमध्येच सापडलेल्या दुसऱ्या एका कागदावर उंदरीणबाई ऐटीत बसल्या आहेत, एक मांजर त्यांचे केस सारखे करते आहे आणि दुसरे मांजर त्यांचे पोर सांभाळते आहे. हे चित्र पाहून मला इतके हसू आले की पुतणी पाहातच राहिली. जिने दुसऱ्याच्या घरची चार पोरे सांभाळली आहेत, तिला ते चित्र समजावून सांगावे लागत नाही.

याच गावच्या कारागिरांची आणखी एक गोष्ट नोंदलेली आहे. त्यांना मजुरी धान्यात मिळे. रॅमसीस तिसरा या राजाच्या कारकिर्दीत ते धान्य वेळेवर येईना, तेव्हा सारे कामगार हत्यारे खाली ठेवून देवळापाशी जाऊन बसले. जगातल्या नोंद झालेल्या संपांमधला हा सर्वांत जुना म्हणतात. उंदराला रथात बसवणारे हात आणि धान्यासाठी काम थांबवणारे हात एकाच गावचे होते, ही गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे.

पुढे पाहू गेले तर हे उंदीर-मांजर देशोदेशी भेटू लागले. आपल्याकडे मद्रासजवळ महाबलीपुरम् येथे सातव्या शतकात पल्लव राजांच्या काळी एक प्रचंड शिळा कोरली गेली. कोणी तिला गंगावतरण म्हणतात, कोणी अर्जुनाची तपश्चर्या. देव, गंधर्व, ऋषी, हत्ती असा सारा पसारा तिच्यावर आहे. आणि त्या पसाऱ्यात खाली एक मांजर पुढचे पाय वर करून, डोळे मिटून तप करीत उभे आहे आणि त्याच्या पायाशी भाबडे उंदीर जमले आहेत. ढोंगी तपस्वी मांजराची ही कथा महाभारताच्या उद्योगपर्वात आहे. खऱ्या तपस्व्यांच्या शेजारी खोटा तपस्वी कोरण्याची मोकळीक त्या शिल्पकाराने घेतली, आणि राजाने ती छिन्नीने उडवून टाकली नाही, हे दोघांचेही मोठेपण मानले पाहिजे.

जपानात क्योटोजवळच्या कोझान-जी मठाच्या मालकीच्या बाराव्या-तेराव्या शतकातल्या चित्रांच्या गुंडाळ्या आहेत. नुसत्या काळ्या शाईने काढलेल्या. त्यांत बेडूक आणि ससे कुस्ती खेळतात. एका ठिकाणी बेडूक बुद्धासारखा आसन मांडून बसला आहे आणि भिक्षूची वस्त्रे ल्यालेले माकड त्याच्यापुढे मंत्र म्हणते आहे. ही चित्रे मठानेच जपून ठेवली. रशियात बाजारात विकल्या जाणाऱ्या स्वस्त छापील चित्रांमध्ये 'उंदीर मांजराला पुरतात' हे चित्र फार खपत असे. भलेमोठे मांजर पाय बांधून गाडीवर आडवे टाकले आहे आणि उंदीर वाजतगाजत ती ओढून नेत आहेत. त्या मांजरात पुष्कळ लोकांना थोरला पीटर बादशहाच दिसे. कोणाचे नाव लिहिलेले नाही. बादशहा विचारील तर उत्तर तयार, हे मांजर आहे महाराज!

माणसाचाच चेहरा ओढूनताणून काढण्याची रीतही जुनी. इटलीत पाँपेई हे शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तिथल्या एका वाड्याच्या भिंतीवर कोणीतरी टक्कल, लांब नाक आणि पुढे आलेली हनुवटी असा एक चेहरा ओरखडून ठेवला आहे आणि वर लिहिले आहे, 'हा रुफुस'. हा रुफुस कोण कुठला, पण नाक मात्र अमर झाले. पुढे सोळाव्या शतकाच्या अखेरीस इटलीतच अन्निबाले काराच्ची नावाच्या मोठ्या चित्रकाराने अशा चेहऱ्यांचे शास्त्रच केले. इंग्रजीतला 'कॅरिकेचर' हा शब्द ज्या इटालियन शब्दावरून आला, त्याचा अर्थ ओझे लादणे. एखाद्याच्या नाकावर किंवा पोटावर रेघांचे जादा ओझे लादायचे, की माणूस ओळखूही येतो आणि हसूही येते.

छपाई आल्यावर या चित्रांना पाय फुटले. अठराव्या शतकात लंडनमध्ये विल्यम होगार्थ याने शहरातल्या वाईट चालींवर चित्रे छापली. १७५१ सालचे त्याचे 'जिन गल्ली' हे चित्र पाहवत नाही. झिंगलेली आई पायऱ्यांवर बसली आहे आणि तिच्या हातून मूल निसटून खाली पडते आहे. त्याच वर्षी तिथे दारूविक्रीवर निर्बंध घालणारा कायदा झाला. त्यानंतरचा जेम्स गिलरे. त्याने १८०५ साली इंग्लंडचा मुख्य प्रधान पिट आणि फ्रान्सचा नेपोलियन यांना जेवणाच्या मेजावर समोरासमोर बसवले. मधल्या ताटात पृथ्वीचे पुडिंग, आणि दोघे सुऱ्या चालवून आपापला वाटा कापून घेत आहेत. राजकारण समजायला याहून सोपे काय हवे?

पण गिलरेने आणखी एक गोष्ट केली. नेपोलियन साधारण उंचीचा माणूस होता. गिलरेने त्याला चित्रामागून चित्रांत बुटका आणि चिडका काढला, आणि आज दोनशे वर्षांनीही जग त्याला बुटकाच समजते. म्हणजे रेघ खोटेही बोलू शकते, आणि तिचे खोटे पुसायला फार कठीण असते.

इथे एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे. गिलरेची चित्रे छापून विकणारी एक बाई होती, हॅना हम्फ्री. लंडनच्या सेंट जेम्स रस्त्यावर तिचे दुकान होते आणि तिच्या खिडकीत लावलेली चित्रे पाहायला रस्त्यावर गर्दी जमे. गिलरे तिच्याच दुकानाच्या वर राहात असे. शेवटी त्याला वेड लागले, तेव्हा १८१५ साली तो मरेपर्यंत तिनेच त्याची काळजी घेतली. तिच्याही आधी मेरी डार्ली नावाच्या बाईने लंडनमध्येच अशा चित्रांचे दुकान चालवले आणि १७६२ साली ती कशी काढावीत याचे पुस्तक काढले. या धंद्यात बाया पहिल्यापासून होत्या. आपल्याला फक्त कोणी सांगितले नव्हते.

आता फ्रान्सकडे वळते, कारण माझ्या प्रश्नाची गाठ तिथेच सुटली. १८३० नंतर तिथे लुई फिलिप हा राजा होता. शार्ल फिलिपाँ या संपादकावर राजाची टवाळी केल्याबद्दल १८३१ साली खटला झाला. त्याने न्यायालयात चार चित्रे काढून दाखवली. पहिले हुबेहूब राजाचे, दुसरे जरा फुगलेले, तिसरे आणखी फुगलेले, आणि चौथे म्हणजे नुसते पेर हे फळ! कोणत्या चित्रापाशी गुन्हा सुरू होतो ते सांगा, असा त्याचा सवाल होता. त्याला सहा महिने कैद आणि दंड झालाच. पण तेव्हापासून पॅरिसच्या भिंतींवर पोरेसोरे पेर काढू लागली आणि ते फळ दिसले की लोकांना राजा आठवू लागला.

त्याच्याच पत्रातला चित्रकार ओनोरे दोमिए. त्याने राजाला राक्षसासारखा बसवला, तोंडापासून जमिनीपर्यंत फळी लावली आणि गरिबांचे पैसे टोपल्या भरभरून त्या फळीवरून राजाच्या तोंडात चालले आहेत असे दाखवले. या चित्रापायी १८३२ साली तो तुरुंगात गेला. १८३४ साली सैनिकांनी पॅरिसच्या एका घरात शिरून झोपेतली माणसे मारली. त्यावरच्या त्याच्या चित्रात थट्टा नाहीच. रात्रीच्या कपड्यांतला बाप पलंगापाशी मरून पडला आहे आणि त्याच्या अंगाखाली लहान मूल. सरकारने ते चित्र जप्त केले. असा हा धीराचा माणूस. त्याच्याविषयी वाचताना मला वाटले, हा खरा आपला माणूस.

आणि मग पुतणीने पान उलटले. १८४४ साली याच दोमिएने चाळीस चित्रांची एक मालिका छापली. विषय कोणता? वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या बायका! आई लिहिण्यात गुंग आहे आणि तिचे बाळ मागे पाण्याच्या टबात उलटे पडले आहे. नवरा बिचारा पोर घेऊन उभा आहे आणि बायको पुस्तकातून डोके काढीत नाही. पाहता पाहता माझ्या डोळ्यांपुढे आमच्या चाळीचा फळा आला. जो माणूस राजाला भ्याला नाही, त्यालाही बाईच्या हातातले पुस्तक सहन झाले नव्हते.

तेव्हा मला माईंच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. चित्रात माझा चष्मा काढला म्हणून मला राग आला नव्हता. चष्मा तसाच होता. पुस्तक उलटे काढले याचा राग आला होता. बत्तीस वर्षांची झाल्यावर, घरचे सगळे आवरून, एकेक अक्षर लावीत मी ते पुस्तक हाती घेतले होते, आणि नेमक्या त्याच ठिकाणी रेघ येऊन लागली होती. उंदराने मांजराला हसावे, त्याला धैर्य लागते. पण मांजर उंदराला हसले तर त्यात नवे ते काय? ते तर रोजच चालले आहे.

आपल्या देशातही हे दोन्ही प्रकार दिसतात. कलकत्त्यास कालीघाटच्या देवळापाशी एकोणिसाव्या शतकात पटचित्रे पैशा-दोन पैशांना विकली जात. त्यांत कपाळी गंध लावलेले मांजर तोंडात कोळंबी धरून बसले आहे. ढोंगी बैराग्याची ही थट्टा, आपल्या महाबलीपुरमच्या मांजराचीच ती नातलग. पण त्याच पटांत नवऱ्याला केरसुणीने मारणारी आणि पायाखाली घालणारी बायकोही वारंवार येते. खऱ्या संसारात मार कोण खात होते हे सांगायला हवे का? आपल्या मासिकांतली लाटणे उगारलेली बायको हिचीच बहीण समजावी. लाटण्याने आजवर किती पोळ्या लाटल्या याचा हिशेब कोणी चित्रात मांडत नाही.

व्यंगचित्राला इंग्रजीत 'कार्टून' म्हणू लागले ते १८४३ पासून. लंडनच्या 'पंच' साप्ताहिकात जॉन लीच याने एक चित्र काढले होते. पार्लमेंटच्या भिंती सजवण्यासाठी चित्रांच्या आराखड्यांचे प्रदर्शन भरले होते. त्या आराखड्यांना कार्टून म्हणत. लीचने फाटक्या कपड्यांतले उपाशी लोक प्रदर्शनातली चित्रे पाहात उभे आहेत असे दाखवले. पोटाला भाकरी नाही आणि पाहायला चित्रे, असा टोला होता. 'पंच'च्या धर्तीवर मुंबईत १८५४ साली 'पारसी पंच' निघाले. त्याचेच पुढे 'हिंदी पंच' झाले. अमेरिकेत टॉमस नॅस्ट याने १८७१ मध्ये न्यू यॉर्कच्या ट्वीड नावाच्या पुढाऱ्याला चित्रांनी इतके सोलून काढले की, माझ्या लोकांना वाचता येत नसले तरी चित्रे दिसतात, अशी ट्वीडने तक्रार केली म्हणतात. पुढे तो पळून गेला, तेव्हा १८७६ साली स्पेनमध्ये तो ओळखला गेला तो नॅस्टच्या चित्रावरूनच.

मग बायकांनी काय केले? इंग्लंडमधल्या बायका मताचा हक्क मागत होत्या, तेव्हा त्यांना कजाग, कुरूप, पोरे टाकून हिंडणाऱ्या अशा रंगवणाऱ्या चित्रांचा नुसता पाऊस पडला. तेव्हा त्यांनी कुंचला हाती घेतला. १९०९ साली लंडनमध्ये 'सफ्रेज अटेलिए' नावाची एक संस्था निघाली. तिथे बायका स्वतः चित्रे काढीत आणि छापीत. १९१२ च्या सुमाराचे त्यांचे एक भित्तिचित्र आहे. वरच्या ओळीत बाई काय काय असू शकते ते दाखवले आहे. ती नगराध्यक्ष, परिचारिका, आई, डॉक्टर किंवा शिक्षिका, गिरणीकामगार असू शकते, आणि तरी तिला मत नाही. खालच्या ओळीत पुरुष. तो शिक्षा झालेला गुन्हेगार, वेडा, दारुडा काहीही असला, तरी त्याचे मत शाबूत! त्यांना १९१८ साली काही अटींवर आणि १९२८ साली पुरुषांच्या बरोबरीने मत मिळाले. मोठमोठ्या भाषणांत जे सांगता आले नसते, ते त्या दोन ओळींनी सांगितले.

आपल्या स्वतंत्र भारताने या बाबतीत चांगली सुरुवात केली. १९४८ साली 'शंकर्स वीकली' सुरू झाले तेव्हा पंडित नेहरूंनी शंकरना सांगितले होते की मलाही सोडू नका. ते साप्ताहिक १९७५ साली बंद पडले. आर. के. लक्ष्मण यांचा चौकटीचा कोट घातलेला सामान्य माणूस कोणाला ठाऊक नाही? लक्ष्मण २०१५ साली गेले. पुण्यात त्यांच्या सामान्य माणसाचा पुतळा उभा आहे. तो बिचारा कधी बोलत नाही, नुसते पाहातो. मराठीत दीनानाथ दलालांची चित्रे आपल्या आयांनी दिवाळी अंकांत पाहिली. आणि शि. द. फडणीसांचे ते प्रसिद्ध मुखपृष्ठ आठवते ना? शेजारी उभे असलेले तरुण आणि तरुणी. तिच्या साडीवर उंदीर आणि त्याच्या शर्टावर मांजरे! त्यात कोणी कोणाला खाली पाडलेले नाही. दोघेही तितकेच गोड. तीन हजार वर्षांचे ते जुने वैर इथे येऊन लाजून उभे राहिले आहे, असे मला वाटते.

एक कबुली द्यायची राहिली. हे सारे वाचताना मी स्वतःला उंदराच्या बाजूचे समजत होते. पण आमच्या घरी धुणेभांडी करायला येणाऱ्या बाईंच्या बोलण्याची मी हळदीकुंकवात नक्कल करीत असे आणि सगळ्या पोट धरून हसत. एकदा त्या दारातच उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, पदर खोचून कामाला लागल्या. त्या दिवशी मांजर मी होते. तेव्हापासून ती नक्कल मी सोडली. आज त्याही आपल्या बुधवारच्या वाचनाला येतात.

आणि ते चित्र काढणारा मुलगा? गेल्या उन्हाळ्यात चाळीचे पाणी पंधरा दिवस बंद होते. अर्ज देऊन झाले, खेटे घालून झाले. तेव्हा माईंनी त्यालाच बोलावून चित्र काढायला सांगितले. त्याने नळाला कोळ्याचे जाळे काढले, जाळ्यात अर्जांच्या घड्या अडकलेल्या, आणि खाली हंड्यांची रांग. चित्र त्याच फळ्यावर लागले. त्याने पाणी आले असे मी म्हणत नाही, पण साहेब पाहायला आले ते प्रथम चित्रापाशीच उभे राहिले आणि मान खाली घालून पुढे गेले. त्या रांगेच्या शेवटी एक बाई होती. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. या खेपेस तिच्या हातात हंडा होता आणि तोही उलटाच, कारण आत पाण्याचा थेंब नव्हता. फळ्यापुढे पहिली मीच हसले.

भगिनींनो, हसणे वाईट नाही. आपल्या मंडळात तर ते भरपूर असावे. फक्त हसण्याआधी एवढे पाहावे, की चित्रातले मांजर कोण आणि उंदीर कोण. पुढच्या दहा वर्षांत आपल्यातलीच एखादी मुलगी कुंचला हाती घेवो आणि आपल्यालाही न सोडो, एवढी इच्छा व्यक्त करून आणि मंडळाला दीर्घायुष्य चिंतून मी लेखणी खाली ठेवते.